रंगांतून उलगडणारा रेल्वेचा इतिहास : ब्रिटनमधील जुनी डिझेल इंजिने

रेल्वे इंजिनाचा रंग ही केवळ सजावटीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिनावरील प्रत्येक रंगामागे एखादा प्रशासकीय निर्णय, एखादे आर्थिक कारण किंवा सुरक्षिततेचा एखादा नियम असतो. त्यामुळे जुन्या इंजिनांच्या रंगसंगतीचा अभ्यास हा रेल्वेच्या इतिहासाचाच अभ्यास ठरतो. ब्रिटनमधील डिझेल इंजिनांची १९४७ पासूनची वाटचाल हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या देशात अनेक जुनी डिझेल इंजिने संग्रहालयांनी आणि हौशी संस्थांनी जतन केली असून, त्यांना मूळ रूप देताना ‘मूळ रंग कोणता?’ हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

काळा आणि रुपेरी

ब्रिटनमधील मुख्य मार्गावर धावणारे पहिले डिझेल-विद्युत इंजिन डिसेंबर १९४७ मध्ये डर्बी येथील कारखान्यातून बाहेर पडले. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे या कंपनीचे मुख्य यांत्रिक अभियंता एच. जी. आयव्हॅट यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. त्याचा क्रमांक होता १००००, तर शक्ती होती १,६०० अश्वशक्ती. सर्व रेल्वे कंपन्यांचे १ जानेवारी १९४८ रोजी राष्ट्रीयीकरण होणार होते. त्यापूर्वी अवघे काही दिवस हे इंजिन पूर्ण करण्यात आले आणि त्याच्या बाजूंवर कंपनीची आद्याक्षरे ठसठशीत, उठावदार धातूच्या अक्षरांत बसविण्यात आली. अस्तंगत होणाऱ्या कंपनीने आपली नाममुद्रा अखेरच्या क्षणी उमटविली, असेच म्हणावे लागेल.

या इंजिनाचा रंग काळा होता आणि त्याला रुपेरी रंगाची जोड देण्यात आली होती. वाफेच्या इंजिनांच्या त्या जगात ही रंगसंगती नवेपणाची द्योतक ठरली. जुलै १९४८ मध्ये पूर्ण झालेले १०००१ हे दुसरे इंजिनही काळ्या-रुपेरी रंगातच आले. मात्र त्यावर कंपनीची अक्षरे नव्हती, कारण ती कंपनीच तोपर्यंत अस्तित्वात राहिली नव्हती. ही दोन्ही इंजिने १९६८ मध्ये भंगारात काढण्यात आली. त्यामुळे ब्रिटनच्या पहिल्या मुख्यमार्गीय डिझेल इंजिनाचा रंग आज छायाचित्रे व कागदपत्रांतूनच पाहावा लागतो.

हिरव्या रंगाचा वारसा

राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने जलद गाड्यांच्या वाफेच्या इंजिनांसाठी काही काळ निळा रंग वापरून पाहिला आणि अखेरीस ‘ब्रन्सविक’ या नावाने ओळखला जाणारा गडद हिरवा रंग स्वीकारला. जानेवारी १९५५ मध्ये १२४ कोटी पौंड खर्चाची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली. त्यानंतर मोठ्या संख्येने दाखल झालेल्या डिझेल इंजिनांनाही हाच हिरवा रंग देण्यात आला. या योजनेच्या प्रायोगिक टप्प्यासाठी १७४ डिझेल इंजिनांची मागणी नोंदविण्यात आली होती. त्यांतील पहिले, म्हणजे डी ८००० हे इंजिन जून १९५७ मध्ये सेवेत आले. पाठोपाठ मार्च १९५८ मध्ये २,००० अश्वशक्तीचे डी २०० तयार झाले. १८ एप्रिल १९५८ रोजी त्याने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून नॉर्विचकडे पहिली गाडी नेली.

यंत्र नवे, परंतु रंग जुन्या काळातील, असा हा मेळ होता. वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच स्थानकात शेजारी शेजारी उभी राहत असल्याने प्रवाशांना रेल्वेची ओळख सलग वाटावी, हा विचार त्यामागे दिसतो. इंजिनाच्या बाजूवरील राजचिन्हही याच सातत्याची साक्ष देत असे. १९४९ च्या चिन्हात चाकावर स्वार झालेला सिंह होता. १९५६ च्या नव्या चिन्हात मुकुटातून वर येणारा आणि पंजात चाक धरलेला सिंह आला. आज जुने छायाचित्र हाती आले की अभ्यासक प्रथम हा सिंह पाहतात, कारण त्यावरून चित्राचा काळ ठरविणे सोपे जाते.

प्रयोगांचा काळ

याच वर्षांत खासगी कारखाने आपली इंजिने रेल्वेला विकण्याच्या खटपटीत होते. ती लक्ष वेधून घ्यावीत, यासाठी त्यांनी रंगांचा मुक्त हस्ते वापर केला. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये तयार केलेले ३,३०० अश्वशक्तीचे ‘डेल्टिक’ हे नमुना इंजिन फिकट निळ्या रंगाचे होते आणि त्याच्या दर्शनी भागावर दुधाळ रंगाचे तिरपे, मिशांसारखे पट्टे होते. ब्रश कंपनीचे १९६१ मधील ‘फाल्कन’ पोपटी आणि तपकिरी रंगात आले, तर १९६२ मधील ‘लायन’ हे इंजिन चक्क पांढरे होते. धूर आणि तेलाच्या वातावरणात पांढरे इंजिन उतरविणे हे धाडसच होते.

रेल्वेच्या आतही विचारमंथन चालू होते. १९५६ मध्ये ब्रिटिश परिवहन आयोगाने अभिकल्प मंडळ स्थापन केले आणि बाहेरील अभिकल्पकांचा सल्ला घेण्यास सुरुवात केली. गडद हिरव्याच्या जोडीला फिकट हिरव्याचा पट्टा देण्याची दुरंगी पद्धत याच काळात रूढ झाली. १९६१-६२ मध्ये न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली २२ डेल्टिक इंजिने अशा दुरंगी हिरव्या वेशात आली. मुंबई-पुणे मार्गाच्या प्रवाशांना या कारखान्याचे नाव अपरिचित असले, तरी त्याचे काम अपरिचित नव्हते. मध्य रेल्वेची डब्ल्यूसीएम-१ ही विद्युत इंजिने १९५४-५५ मध्ये याच कारखान्यात तयार झाली होती.

सर्वांत रोचक प्रकरण पश्चिम विभागाचे आहे. या विभागाने ‘वेस्टर्न’ मालिकेची ७४ इंजिने बांधून घेतली. त्यांचे बाह्यरूप मिशा ब्लॅक यांनी आखले होते. डिसेंबर १९६१ मधील पहिले इंजिन, डी १००० ‘वेस्टर्न एंटरप्राइज’, वाळवंटातील वाळूच्या फिकट रंगात दाखल झाले. त्यानंतरची काही इंजिने हिरवी, तर बहुतेक किरमिजी होती. १९६३ च्या प्रारंभी आलेले डी १०१५ ‘वेस्टर्न चॅम्पियन’ मात्र पिवडीसारख्या सोनेरी रंगाचे होते. हा रंग एकोणिसाव्या शतकातील अभियंता विल्यम स्ट्राउडली यांच्या इंजिनांवरून सुचल्याचे मानले जाते. विशेष म्हणजे स्ट्राउडली यांच्या त्या पिवळसर रंगाचे अधिकृत नाव ‘सुधारित इंजिन हिरवा’ असे होते. कागदावरील रंगाच्या नावावर विसंबून राहता येत नाही, हा धडा अभ्यासकांना या एका उदाहरणातून मिळतो.

पिवळा रंग आणि गँगमनची सुरक्षितता

यानंतरचा बदल सौंदर्यासाठी नव्हता, तर माणसांच्या जिवासाठी होता. वाफेचे इंजिन दुरूनच आपली चाहूल देते. धूर दिसतो, वाफेचा आवाज ऐकू येतो. डिझेल इंजिन तुलनेने शांतपणे आणि वेगाने जवळ येते. त्यातच गडद हिरवा रंग झाडाझुडपांच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. रुळांची देखभाल करणारे गँगमन हातातील काम सोडून वेळेवर बाजूला होऊ शकतील, एवढ्या अंतरावरून इंजिन दिसणे आवश्यक होते.

म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस इंजिनांच्या दर्शनी भागावर पिवळा चौकोन रंगविण्यास प्रारंभ झाला. प्रारंभी हा चौकोन लहान होता. तो पुरेसा नाही, हे लक्षात आल्यानंतर दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण दर्शनी भागच पिवळा करण्यात आला. अभिकल्पकांच्या दृष्टीने ही मोठी तडजोड होती. विचारपूर्वक आखलेल्या आकृतीच्या तोंडावर एकच भडक रंग फासला गेला, अशी नाराजी अनेक रेल्वेप्रेमींनीही व्यक्त केली. परंतु ज्यांच्यासाठी तो रंग होता, ती माणसे फलाटावर उभी नव्हती. ती रुळांत उभी होती.

पुढे इंजिनांचे दिवे अधिक प्रखर झाले. २०१६ मध्ये नियमात बदल होऊन, ठरावीक क्षमतेचे दिवे असलेल्या गाड्यांना पिवळ्या दर्शनी भागाची सक्ती राहिली नाही. सुमारे अर्धशतक टिकलेला हा नियम ब्रिटिश रेल्वेच्या रंगांच्या इतिहासातील सर्वांत दीर्घजीवी निर्णयांपैकी एक ठरला.

संपूर्ण देशासाठी एकच निळा

१९६४ मध्ये ‘एक्सपी ६४’ या नावाची प्रायोगिक गाडी तयार करण्यात आली आणि तिच्यासाठी डी १७३३ हे इंजिन निळ्या रंगात रंगविण्यात आले. जानेवारी १९६५ मध्ये लंडनच्या डिझाइन सेंटरमध्ये भरलेल्या प्रदर्शनात रेल्वेची नवी ओळख जनतेसमोर आली. ‘ब्रिटिश रेल्वेज’ऐवजी ‘ब्रिटिश रेल’ हे सुटसुटीत नाव, डिझाइन रिसर्च युनिट या संस्थेतील जेरल्ड बार्नी यांनी रेखाटलेले दुहेरी बाणाचे बोधचिन्ह, जॉक किनीयर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची अक्षररचना आणि ‘रेल ब्लू’ हा प्रमाणित निळा रंग, असे या ओळखीचे चार आधार होते. दुहेरी बाणाचे ते चिन्ह आजही ब्रिटनमधील स्थानकांवर दिसते.

या निर्णयामागे व्यवहारही होता. एकच रंग असला की कोणत्याही कारखान्यात कोणतेही इंजिन रंगविता येते, रंगाचा साठा कमी ठेवावा लागतो आणि कोणतेही इंजिन कोणत्याही डब्यांना शोभते. ११ ऑगस्ट १९६८ रोजी प्रमाण रुंदीच्या मुख्य मार्गांवरील वाफेच्या युगाची अखेर झाली आणि काळाबरोबर हिरवा रंगही मागे पडला. मात्र इंजिने एका रात्रीत निळी झाली नाहीत. मोठ्या दुरुस्तीची पाळी येईल तसतसा रंग बदलत गेला. त्यामुळे काही इंजिने १९७० च्या दशकातही हिरवीच धावत होती.

अभ्यासकांच्या दृष्टीने हा संक्रमणकाळ फार मोलाचा आहे. वाफेची इंजिने गेल्यावर डिझेल इंजिनांच्या क्रमांकाआधीचे ‘डी’ अक्षर अनावश्यक ठरले व ते हळूहळू काढण्यात आले. १९७३-७४ मध्ये संगणकीय नोंदींसाठी बहुतेक इंजिनांना नवे पाच अंकी क्रमांक मिळाले. त्यामुळे हिरवे इंजिन, पूर्ण पिवळे तोंड आणि ‘डी’शिवाय क्रमांक एवढ्या तीन खुणा दिसल्या, तरी छायाचित्र कोणत्या वर्षांच्या दरम्यानचे असावे, याचा अंदाज बांधता येतो.

शेडांची हौस आणि विविधतेचे पुनरागमन

मुख्यालयाने एकच रंग ठरविला, तरी इंजिनांची निगा राखणाऱ्या शेडमधील कर्मचाऱ्यांचा अभिमान पूर्णपणे झाकला गेला नाही. १९७७ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, तेव्हा लंडनच्या स्ट्रॅटफर्ड शेडने दोन इंजिनांच्या बाजूंवर राष्ट्रध्वज रंगविले. १९७९ मध्ये फिन्सबरी पार्क शेडने आपल्या डेल्टिक इंजिनांच्या खिडक्यांभोवती पांढरी चौकट रंगविली. ही इंजिने १९८१ मध्ये यॉर्ककडे वर्ग झाल्यावर ती पांढरी चौकट पुसण्यात आली. अशी एखादी चौकट अवघी दोन वर्षे टिकली, परंतु तिच्यावरून छायाचित्राचा काळ आणि इंजिनाची शेड दोन्ही ओळखता येतात.

१९८० च्या दशकात रेल्वेची व्यवसायानुसार विभागणी झाली आणि प्रत्येक विभागाने स्वतंत्र रंग स्वीकारले. मालवाहतूक विभागाने १९८७ मध्ये करड्या रंगाच्या तीन छटा आणि कोळसा, तेल, बांधकाम साहित्य अशा मालानुसार निरनिराळी चिन्हे योजली. १९९० च्या दशकातील खासगीकरणानंतर तर कंपनी तितके रंग, अशी स्थिती झाली. एकाच इंजिनाने आपल्या हयातीत पाच-सहा वेश बदलल्याची उदाहरणे आढळतात.

रंगाचा माग कसा काढतात?

जुन्या इंजिनाचा रंग निश्चित करताना प्रामुख्याने तीन साधनांचा उपयोग होतो.

पहिले साधन छायाचित्रांचे. कृष्णधवल छायाचित्रांत गडद हिरवा आणि किरमिजी हे रंग जवळजवळ सारख्याच करड्या छटेत दिसू शकतात. रंगीत छायाचित्रेही पूर्णपणे विश्वासार्ह नसतात. कोडाक्रोमसारख्या काही फिल्म अंधारात नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात, तर इतर अनेक फिल्म कालांतराने लालसर किंवा फिकट होतात. शिवाय ढगाळ दिवस, सायंकाळचे ऊन किंवा शेडमधील दिवे यांनुसार तोच रंग वेगळा भासतो. म्हणून एकाच छायाचित्रावर निष्कर्ष काढला जात नाही.

दुसरे साधन कागदपत्रांचे. रंगविण्याचे आराखडे, रंग खरेदीच्या अटी, कारखान्यातील दुरुस्तीच्या नोंदी आणि रंगांची प्रमाणपत्रके यांतून अधिकृत रंग समजतो. ‘रेल ब्लू’ हा ब्रिटिश मानकात ११४ या क्रमांकाने नोंदलेला असल्याने तो आजही अचूक तयार करता येतो. परंतु काय रंगवावे असे ठरले होते, एवढेच ही कागदपत्रे सांगतात; प्रत्यक्षात काय रंगविले गेले, हे सांगतातच असे नाही.

तिसरे साधन म्हणजे स्वतः इंजिन. पत्र्यावरील रंगाचे थर एका लहान जागी घासून क्रमाक्रमाने उघडे केले, की झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे एकामागून एक कालखंड दिसू लागतात. वर निळा, त्याखाली किरमिजी, त्याखाली प्रायमर आणि लांबीचा थर, असा क्रम लागतो. येथेही सावधगिरी बाळगावी लागते. मोठ्या दुरुस्तीत जुना रंग पूर्णपणे खरवडला गेलेला असू शकतो, तसेच दारे आणि पत्रे एका इंजिनाचे काढून दुसऱ्याला बसविण्याची पद्धत होती. त्यामुळे अनेक जागी नमुने घेऊन ते परस्परांशी ताडून पाहावे लागतात. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने हे काम तोंडावर योग्य मुखवटा लावूनच करावे लागते.

नेमके कोणत्या वर्षाचे रूप?

सर्व पुरावे हाती आले तरी अखेरचा प्रश्न उरतोच. दीर्घकाळ धावलेल्या इंजिनाचे ‘खरे’ रूप कोणते मानावे? डी १०१५ हे इंजिन जतन झाल्यानंतर त्यावर वेगवेगळ्या काळात एकाहून अधिक ऐतिहासिक रंग चढविण्यात आले. सोनेरी पिवडी हा त्याचा जन्माचा रंग. परंतु त्याने सेवेतील अधिक काळ इतर रंगांत काढला, हेही तितकेच खरे.

डी २०० चे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८३ मध्ये ब्रिटिश रेलने या इंजिनाला पुन्हा हिरवा रंग देऊन सेवेत आणले. मात्र ते मुख्य मार्गावर प्रवाशांसह धावणार असल्याने त्याचे तोंड संपूर्ण पिवळे ठेवण्यात आले. १९५८ मध्ये कारखान्यातून बाहेर पडताना त्यावर पिवळ्याचा ठिपकाही नव्हता. म्हणजेच अंगावर १९५८ आणि तोंडावर १९८३, असे ते रूप होते. १९८० मध्ये डेल्टिक मालिकेतील ५५००२ या इंजिनाला दुरंगी हिरवा वेश परत देतानाही असेच करण्यात आले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकू शकते. परंतु इतिहास जपण्यासाठी रुळांवरील माणसाचा जीव धोक्यात घालता येत नाही, हे तत्त्वही त्या पिवळ्या रंगात जपले गेले आहे. डी २०० पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय संग्रहात दाखल झाले.

काही वेळा अखेरचा निर्णय संस्थेऐवजी स्मृतीच्या बाजूने होतो. १९७६ मध्ये सेवेत आलेल्या ‘इंटरसिटी १२५’ या अतिजलद डिझेल गाड्यांपैकी ४३००२ या इंजिनाला २०१६ मध्ये मूळ निळा-पिवळा रंग देऊन, त्या गाडीचे रूप घडविणारे अभिकल्पक सर केनेथ ग्रेंज यांचे नाव देण्यात आले. २०१९ मध्ये हे इंजिन यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे सुपूर्द झाले.

भारतासाठी महत्त्व

भारतीय रेल्वेच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. मीटर गेजवरील वायडीएम-१ ही डिझेल इंजिने १९५५-५६ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीकडून आली. ब्रॉडगेजवर १९५७-५८ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-१ आणि १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने दाखल झाली. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात तयार झालेले पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. डब्ल्यूडीएम-२ मालिकेतील पहिले, १८०४० क्रमांकाचे इंजिन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.

भारतात निरनिराळ्या डिझेल शेडनी आपापल्या इंजिनांना स्वतंत्र रंगसंगती दिली आणि प्रवासी त्या रंगावरून इंजिन कोणत्या शेडचे, हे ओळखू लागले. ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण बहुतांश पूर्ण होत आले असून, अल्को बनावटीची इंजिने झपाट्याने सेवेबाहेर जात आहेत. वाराणसीच्या कारखान्याचे नावही २०२० मध्ये बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स असे झाले. एखादे इंजिन भंगारात गेले की त्याच्या पत्र्यावरील थरही जातात आणि मग १०००० क्रमांकाच्या इंजिनाप्रमाणे केवळ छायाचित्रांवर विसंबावे लागते. शेडमधील रंगकामाच्या वह्या, रंगाऱ्यांचे साचे, दिनांक व स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे आणि रंग स्वतः मिसळणाऱ्या कारागिरांच्या आठवणी आजही मिळू शकतात. इंजिने उभी आहेत आणि ती रंगविणारे हात हयात आहेत, तोवरच ही नोंद करणे शक्य आहे.